चक्की बंद, माईक चालू

सर्व उपस्थितांनी कृपया आपापल्या जागी स्तब्ध उभं राहावं. डोक्यावर टोपी असेल त्यांनी ती काढावी, हातात मोबाईल असेल त्यांनी तो खिशात घालावा, कारण आता मी एक अत्यंत गंभीर वार्ता जाहीर करणार आहे. आमच्या तालुक्यात गोदावरीला पूर आला तेव्हा जालन्याहून निघालेला झेंडूचा मोठा हार कार्यक्रमाला वेळेवर पोहोचू शकला नाही.

घरं पडली ती पडलीच. उभी कपाशी सडली, मोसंबीच्या बागांत गाळ बसला, गोठ्यातली जनावरं दाव्यासकट वाहून गेली. पण त्या हारासाठी मी जी फोनाफोनी पाहिली, जो जीव कासावीस झालेला पाहिला, तो यातल्या कशासाठीच पाहिला नाही. म्हणून ही घोषणा. आता टोप्या घालायला हरकत नाही.

मी अंबडचा मंडपवाला. ताडपत्र्या, पडदे, खुर्च्या, भोंगे आणि गाडीवर चढवलेला एक मोठा जनरेटर, एवढा माझा संसार. शिवाय माझा आवाज. लग्न असो, उद्घाटन असो, श्रद्धांजली असो, माईकवर मीच असतो. मंडपासोबत सूत्रसंचालक फुकट, अशी माझी ख्याती आहे. व्यासपीठ हे माझं कमाईचं आणि प्रेमाचं ठिकाण. त्यामुळे पुढं जे सांगणार आहे ते व्यासपीठावर जळणाऱ्या माणसाचं बोलणं आहे असं कुणी समजू नये. माझ्याइतके सत्कार या जिल्ह्यात कुणी जाहीर केले नसतील.

वरच्या धरणातून पाणी सोडलं आणि नदीकाठच्या एका गावात ते शिरलं. माणसं शाळेच्या गच्चीवर आणि मारुतीच्या पारावर चढली म्हणून वाचली. पाणी ओसरलं तेव्हा गावाकडं जाणारा रस्ता नळकांडी पुलापाशी खचलेला होता आणि विजेची डीपी खांबासकट आडवी झाली होती. ट्रॅक्टर कसाबसा जायचा, दुसरं वाहन नाही. मी व्यापारी संघाच्या ट्रॅक्टरवर माझ्या ताडपत्र्या टाकून गेलो. मंडपवाल्याकडं ताडपत्र्या असतात, म्हणून ताडपत्र्या नेल्या. यात थोरपणा काही नाही. उलट मला वाटलं होतं, प्रत्येक जण असंच करेल. दुकानात जे आहे, धंद्यात जे येतं, ते घेऊन निघेल. मी किती भोळा आहे बघा.

त्या गावात एक खाला, म्हणजे मावशी, आहे. मुसलमान घरातली, साठीची, काटकुळी बाई. नवरा गेल्यापासून गावची पिठाची चक्की तीच चालवते. हिंदू-मुसलमान, लहानथोर, सगळं गाव तिला खालाच म्हणतं. चक्कीच्या धडधडाटावर आवाज चढवून बोलण्यात तिचा जन्म गेला, त्यामुळे तिला हळू बोलताच येत नाही. कानात सांगितलेली गोष्टही तिसऱ्या गल्लीत कळते. माझा धंदा भोंग्यांचा, पण असा भोंगा माझ्याकडंही नाही.

मी पोहोचलो तेव्हा खाला चक्कीच्या खोलीतला गाळ फावड्यानं बाहेर ओढत होती. भिंतीवर माझ्या डोक्याच्याही वर पाण्याची मातकट रेघ. जातं जागेवर होतं, पट्टा लोंबत होता, मोटार मात्र दिसेना.

"खाला, मोटार गेली का वाहून?"

"वाहून कशी जाईल रे बाबा? वर हाये," खाला गच्चीकडं हात करून म्हणाली. "पाणी उंबऱ्याला लागलं तवाच खोलून घेतली. दोन्ही भाचे अन् मी. वर नेली, गोधडीत गुंडाळली, वरून प्लास्टिक बांधलं."

"आणि घरातलं सामान?"

"सामान गेलं. सामान काय कमवून आणतं का? मोटारीनं घर चालवलंय माझं. बिलकुल कोरडी हाये बघ. आता फक्त करंट पाहिजे."

फक्त करंट. वीजवाले म्हणत होते, रस्ता झाला की डीपी येईल. रस्तेवाले काहीच म्हणत नव्हते.

तोवर आमच्या ट्रॅक्टरमधून गहू उतरत होता. अंबड ही बाजारपेठ. आमच्या आडत दुकानदारांच्या गोदामात धान्य असतं, त्यांनी मन मोठं करून धान्य दिलं. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही, खरोखर मन मोठं करून दिलं. पण चक्की बंद असलेल्या गावात पोत्यानं गहू उतरवताना एकालाही वाटलं नाही की हे लोक खाणार कसे? आधीच्या फेरीतला गहू शाळेच्या वऱ्हांड्यात तसाच रचून होता. बायका तो चुलीवर शिजवून घुगऱ्या करत होत्या. दात नसलेली म्हातारी माणसं त्या घुगऱ्या नुसत्या तोंडात घोळवत बसली होती. वीज आणि चक्की असलेल्या गावात राहणाऱ्या माणसाला गहू म्हणजे पोळीच वाटते, मधलं काही दिसत नाही.

मी म्हणालो, "खाला, पुढच्या फेरीला अंबडहून पीठच दळून आणतो."

खालानं फावडं आपटलं. "पीठ आणू नको! पीठ आणून आणून किती दिवस आणशील? गाव तिकडून आलेलं पीठ खाईल, मंग माझी चक्की काय शोभेला ठेवू? माझ्या चक्कीला करंट आण. गावही खाईल, मीही खाईल."

एवढीच मागणी. मी तिला जबान दिली की माझा जनरेटर आणतो. पण तो गाडीवरचा धूड त्या खचलेल्या रस्त्यावरून जाईना. मी दोनदा पुलापर्यंत नेऊन परत आणला.

मग मी व्यापारी संघाच्या अध्यक्षांकडं गेलो. हे आमचे अध्यक्ष पाईप आणि पंपांचे व्यापारी. त्यांच्या गोदामात गाळ उपसायचे मड पंप ओळीनं उभे असतात. त्या गावातल्या सगळ्या विहिरी गाळानं भरल्या होत्या. अध्यक्षांनी गावाला काय दिलं असेल? बिस्किटं. स्वतःच्या दुकानात नाहीत, म्हणून दुसऱ्याकडून विकत घेऊन दिली! मी दुकानात शिरलो तेव्हा ते काउंटरवर फ्लेक्सचा नमुना पसरून बसले होते. त्यावर त्यांचा फोटो, संघाच्या सगळ्या पदाधिकाऱ्यांचे फोटो आणि मध्यभागी जालन्याकडच्या एका बड्या कारखानदारांचा फोटो. पूर कुठंच नव्हता.

"या मालक," ते मधल्या फोटोवर बोट ठेवून म्हणाले. "मोठा कार्यक्रम घेऊन राह्यलो. मदत वाटप सोहळा. साहेबांच्या शुभहस्ते. मंडप, साऊंड, स्क्रीन, सगळं तुमचं."

"अध्यक्षसाहेब, वाटप नंतर. गहू पुष्कळ झाला, दळायला काही नाही. जनरेटर न्यायला रस्ता पाहिजे."

"रस्ता होऊन राह्यला ना! मुरूम टाकायला सांगितलाय. साहेबांची गाडी खाली बसकी हाये, घासली तर काय म्हणतील?"

माणसं कमरेएवढ्या चिखलातून आजारी म्हाताऱ्यांना खाटेवर घालून नेत होती, तेव्हा मुरूम नव्हता. गाडीचं पोट घासेल म्हणताच मुरूम उगवला.

"ठीक आहे," मी म्हणालो. "रस्ता झाला की पहिल्यांदा जनरेटर चक्कीला लावू."

"अन् स्क्रीन कशावर चालवू? साहेबांच्या समाजकार्याची फिल्म दाखवायची हाये. कूलर हायेत. कार्यक्रम होऊ द्या, मंग लावा की चक्कीला, कोण नको म्हणतं?"

"निदान मदतीच्या किटमध्ये तरी पुन्हा गहू घालू नका."

"मालक, तुम्हाला मंडपातलं कळतं, ह्यातलं न्हाई. गव्हाचं किट कसं भरीव दिसतं. पीठ फोटोत दिसतं का?"

पीठ फोटोत दिसतं का! हे वाक्य मी घरी येऊन बायकोला तीनदा म्हणून दाखवलं, तिन्ही वेळा वेगवेगळ्या आवाजात. ती म्हणाली, "तुम्ही नाटक करून राह्यले की तुम्हाला खरंच राग आलाय?" दोन्ही. माझा राग असाच येतो, हातवारे करत.

सोहळ्याच्या आदल्या दिवशी आणखी एक गोष्ट घडली, ती सांगितली नाही तर माझा जिल्हा माझ्यावर रुसेल. मी मंडप ठोकायला गावात होतो. खचलेल्या पुलापाशी मुरूम पसरणं चालू असताना पलीकडं एक टेम्पो येऊन थांबला. आमच्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाच्या टेंभुर्णीचा. आमचा जिल्हा या टोकापासून त्या टोकापर्यंत ओलांडून आला होता. आत कडबा खच्चून भरलेला. तिकडच्या एका वैरणीच्या व्यापाऱ्यानं पाठवला होता. बॅनर नाही, फोन नाही, सोबत कुणी नाही. ड्रायव्हरनं खाली उतरून एवढंच विचारलं, "जनावरं कुठशीक हायेत?"

लोकांनी पेंढ्या डोक्यावरून गावाच्या बाजूला नेल्या. तोवर ड्रायव्हर तंबाखू मळत उभा होता. मी विचारलं, शेठचं नाव काय, मी उद्या माईकवर घेतो.

"शेठ म्हणले, नाव सांगू नको, वैरण भिजू देऊ नको," तो म्हणाला आणि टेम्पो वळवून गेला.

वैरणवाल्यानं वैरण पाठवली होती. इतकी साधी गोष्ट! पाईपवाल्यानं पंप द्यावा, जेसीबीवाल्यानं गाळ काढावा, कापडवाल्यानं घरातल्या उसवलेल्या साड्यांचं गाठोडं न देता दुकानातलं कापड द्यावं, मोटार बांधणाऱ्यानं भिजलेल्या मोटारी बांधून द्याव्यात, खत-बियाण्याच्या दुकानदारानं पुढच्या पेरणीला गावासोबत उभं राहावं. ज्याला त्याला स्वतःचा धंदा झोपेतही येतो. पण मदत करायची म्हटली की प्रत्येकाला धंदा सोडून राजा व्हायचं असतं, हत्तीवरून साखर वाटायची असते.

सोहळ्याचा दिवस उजाडला. पुरानंतरचं ऊन फार वाईट असतं. गाळ तापतो आणि त्यातून मेलेल्या गोष्टींचा वास वर येतो. शाळेच्या मैदानावर मी मंडप घातला होता. सावली व्यासपीठाला होती, पुढच्या दोन रांगांना होती. बाकी गाव उन्हात, ताडपत्रीवर. जनरेटर नव्या मुरमावरून अलगद आला. चक्कीची खोली मैदानाला लागूनच. खालानं सकाळीच मोटार खाली आणून जागेवर बसवली होती आणि पट्टा चढवून ती दारात उभी होती, नवरीच्या वरातीची वाट बघावी तशी.

"आला का रे करंट?" तिनं तिथूनच विचारलं. साऱ्या मैदानानं ऐकलं.

"खाला, कार्यक्रम झाला की लगेच."

"कार्यक्रम कवा होणार?"

"साहेब आले की."

"साहेब कवा येणार?"

मी माईक हातात घेतला आणि म्हणालो, "थोड्याच वेळात आपल्या सोहळ्याला सुरुवात होत आहे." हे मी त्या दिवशी इतक्या वेळा म्हणालो की समोरचा एक म्हातारा वैतागून ओरडला, "तुमचा थोडा वेळ लई लांब हाये राव!"

किटांचा ढीग व्यासपीठाच्या बाजूला रचून ठेवला होता. प्रत्येक पिशवीवर साहेबांचा हसरा फोटो. भोवती संघाचे कार्यकर्ते पहारा देत उभे. एका बाईनं तिच्या आजारी सासऱ्यासाठी आधी एक पिशवी मागितली, तर तिला सांगण्यात आलं की साहेबांचा हात लागल्याशिवाय पिशवी हलणार नाही. मी ते ऐकलं. या हातांनी मी हजार उद्घाटनांच्या फिती बांधल्यात, पण 'शुभहस्ते' हा शब्द इतका घाणेरडा मला त्या दिवसापर्यंत वाटला नव्हता.

माझा जनरेटरवाला माझा कित्येक वर्षांचा साथीदार. फार बोलत नाही. मी सहज वळून बघितलं तर जनरेटरपासून एक जाड वायर थेट चक्कीच्या खोलीत गेलेली.

"ती कशाला टाकली?" मी विचारलं.

"जास्तीची होती," तो म्हणाला. "पडू द्या."

अखेर साहेब आले. गाडी घासली नाही. मग सत्कार सुरू झाले. आमच्याकडं सत्काराशिवाय पान हलत नाही. साहेबांचा सत्कार, साहेबांसोबत आलेल्यांचा सत्कार, साहेबांना आणणाऱ्यांचा सत्कार. फेटे, शाली, नारळ. ज्या गावात अंगावरच्या कपड्यांपलीकडं काही उरलं नव्हतं, त्या गावासमोर शालींवर शाली! आणि मोठा हार अजून वाटेतच, म्हणून अध्यक्ष कोपऱ्यात उभं राहून फोनवर कुणाच्या तरी नावानं दात खात होते. हे सगळं मी जाहीर करत होतो, गोड आवाजात, आणि आत माझी भट्टी पेटली होती.

साहेब बोलायला उभे राहिले. दुःख, संकट, समाजऋण, सगळं येऊन गेलं. मग दोन्ही हात पसरून ते म्हणाले, "तुम्हाला जे काही लागेल, ते माझ्याकडं हक्कानं मागा!"

चक्कीच्या दारातून आवाज आला, "करंट द्या, करंट!"

साहेब हसले. "बघा! करंट तर मावशींच्या आवाजातच आहे!"

पुढच्या दोन रांगा खदखदून हसल्या. टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी खालाला हातानंच खाली बसायची खूण केली. आणि साहेब पुढं बोलू लागले, जणू तिनं काही मागितलंच नव्हतं. आत्ताच, हक्कानं मागा म्हणाले होते ना? मागितलं तर विनोद केला!

मी जनरेटरवाल्याकडं बघितलं. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी मान डोलावली.

भोंगे गेले. स्क्रीनवर साहेब कुठल्याशा मंदिरात दान देत होते, ते देता देता विझले. कूलर घरघरून थांबले. व्यासपीठावर साहेबांचे ओठ हलत होते, हात हलत होते, आवाज नव्हता. एवढं सुंदर भाषण मी माझ्या आयुष्यात ऐकलं नाही. आणि डिझेल व्यापारी संघाचं होतं, हे आठवलं की मला आजही गुदगुल्या होतात.

मग चक्कीच्या खोलीतून एक घुसमटलेली घरघर आणि पाठोपाठ खाला, "उल्टी फिरून राह्यली रे, उल्टी! बंद कर!" जनरेटरवाला पळत गेला, दोन वायरींची अदलाबदल केली, पुन्हा चालू केलं. आता आवाज बराबर आला. धड, धड, धड. त्या गावाला पुरानंतर ऐकू आलेला पहिला ओळखीचा आवाज.

ताडपत्रीवरून आधी बायका उठल्या. मघाची सासऱ्यासाठी मागणारी बाई सरळ ढिगाकडं गेली, पिशवी उचलली आणि चालायला लागली. तिला अडवायला कार्यकर्ता पुढं झाला, तोवर तिच्या मागून सगळं गाव आलं. कुणी पिशवी, कुणी वऱ्हांड्यातलं पोतं. बघता बघता मैदान मोकळं आणि चक्कीसमोर रांग.

अध्यक्ष माझ्या अंगावर धावून आले. "मालक, काय करून राह्यले तुम्ही? साहेब बोलून राह्यले अन् तुम्ही लाईट काढली?"

मी माझ्या सर्वोत्तम आवाजात म्हणालो, "तांत्रिक बिघाड झाला आहे. कृपया सहकार्य करावं."

"ती वायर काढा! आत्ताच्या आत्ता काढा!"

"तुम्ही काढा," मी रांगेकडं बोट दाखवलं. "ह्यांच्यासमोर जा आणि काढा."

अध्यक्षांनी रांगेकडं बघितलं. रांगेनं अध्यक्षांकडं बघितलं. ते गेले नाहीत.

साहेब मात्र मुरलेले. गर्दी जिकडं, तिकडं आपण, हे त्यांना न सांगता कळतं. शाल सावरत ते खाली उतरले. "वा! चक्की सुरू झाली? मग हेच आजचं खरं उद्घाटन!" आणि नेमका तेव्हाच मोटारसायकलवरून हार आला. दोघांनी धरायचा, उन्हानं माना टाकलेला. अध्यक्षांचा चेहरा उजळला. रांग ढकलून त्यांनी वाट केली. साहेब, अध्यक्ष, फोटोग्राफर आणि हार, सगळे त्या इवल्या खोलीत घुसले. रांगेतली पहिली म्हातारी तिच्या पिशवीसकट भिंतीशी चेपली गेली. मी दारात, कमरेवर हात ठेवून.

आत पिठाचा धुराळा. खाला जात्याच्या तोंडाशी गहू ढकलत होती, भुवया पांढऱ्या झालेल्या. दळलेलं ऊन ऊन पीठ डब्यात पडत होतं आणि त्या वासानं बाहेर माणसं गप्प झाली होती.

फोटोग्राफर म्हणाला, "मावशी, एक मिनिट बंद करा. पीठ उडून राह्यलंय, फोटो येत न्हाई."

खालानं जात्यात आणखी गहू ढकलला.

अध्यक्षांनी आवाज चढवला, "बंद करा हो जरा! साहेबांच्या शुभहस्ते चालू करायची, मंग दळा दिवसभर!"

साहेबांनी हसून फोटोग्राफरकडं तोंड केलं आणि हात जात्याकडं नेला. खालानं मान वर केली. आधी त्या हाताकडं बघितलं, मग हाराकडं, मग दारापलीकडं लागलेल्या रांगेकडं. आणि चक्की तशीच चालू ठेवून, भोंग्याशिवाय, साऱ्या गावाला ऐकू जाईल अशी ओरडली,

"अय साहेब, हात लावायचाच हाये ना? मंग ते पोतं उचला, न्हाईतर भायेर व्हा!"